पटावर आहे, वर्गात नाही

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय मागे फळ्यावर लिहिलेला आहे : ‘मुलींची शाळेतील हजेरी आणि पालकांची जबाबदारी’. विषय चांगलाच आहे. पण सुरुवातीलाच थोडी कुरकुर करते. ‘पालक’ हा शब्द आपण फार सोयीने वापरतो. शाळेतून निरोप येतो, ‘पालकांना बोलावलंय’. जातं कोण? आई. रोजगार बुडवून, पदर सावरत, ऑफिसच्या दारात उभी राहते. मुलगी का येत नाही, घरी लक्ष आहे का, हे सगळं तिनेच ऐकून घ्यायचं. पण शाळेची समिती नेमायची वेळ आली की पालक म्हणजे वडील. पंधरा ऑगस्टला नारळ फोडायलाही तेच. तेव्हा आज मी ‘पालक’ म्हणेन तेव्हा दोघांबद्दल बोलते आहे, एवढं धरून चाला.

कामाला सुरुवात केली तेव्हा मी नुकतीच एमएसडब्ल्यू झाले होते. पोस्टर होती, घोषणा होत्या, मुलींच्या शिक्षणाची गाणी होती. सांगलीच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवर माझ्याकडे शाळेबाहेरच्या मुलींचं काम आलं. तिथे एक गुरुजी होते, निवृत्तीला आलेले. मी त्यांना विचारलं, तुमच्या शाळेत शाळाबाह्य मुली किती? ते म्हणाले, ‘एकही नाही. सगळ्या पटावर आहेत.’ मी खूश होऊन वहीत लिहायला लागले. तेव्हा त्यांनी कपाटातून हजेरीपट काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘बाई, पटावर आहेत. वर्गात आहेत का ते आता तुम्हीच बघा.’

त्या दिवशी मी पहिल्यांदा हजेरीपट नीट वाचला. फेब्रुवारी महिना होता. सहावी-सातवीच्या मुलींच्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरले. आयांना एकच विचारलं, ‘अक्का, दहा तारखेला पोरगी शाळेत का नव्हती? अन् सतराला?’ मला वाटलं होतं, आठवणार नाही. एकीएकीला तारीखवार आठवत होतं! दहाला बाजार होता. सतराला बाजारच होता. बारा ते चौदा म्हैस व्यायली होती. वीसला टँकर येणार म्हणून थांबली, टँकर आलाच नाही, म्हणून एकवीसलाही थांबली. एकीची आजी दवाखान्यात होती, तिच्याजवळ बसायला कोण? एकीच्या घरी बागेतलं काम सुरू होतं. आणि एक आई काही न बोलता नुसती हसली, तेव्हा कळलं की चार दिवस पाळीचे होते.

मुलगेही गैरहजर होते, नाही असं नाही. पण त्यांचं कारण ताप, जत्रा, नाहीतर ‘गेला न्हाई, ऐकतच न्हाई’ एवढंच. मुलींच्या प्रत्येक गैरहजेरीमागे एक काम होतं. एक प्रकारे तो हजेरीपट म्हणजे मुलींच्या न मोजलेल्या कामाचा मस्टर होता. रोजगार हमीच्या कामावर मस्टर नीट भरला जावा म्हणून आपण भांडतो. हा दुसरा मस्टर शाळेच्या कपाटात पडून असतो, तो मागायला मात्र आपण जात नाही.

आता थोडं मागे जाऊ. आपल्या भागाला शाळेचा इतिहास मोठा आहे. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. साताऱ्याच्या शाळेच्या दाखल नोंदणीत 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला ‘भिवा’ हे नाव आहे, ते पुढे बाबासाहेब झाले. आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. (संस्थेचा इतिहास सांगताना ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण ते स्वयंपाकघर रोज चालवायला काय लागलं असेल, ते कुणी सांगत नाही.)

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया हे लक्षात घ्या. पुढे पंचाहत्तर वर्षांनी, 1992 साली, महाराष्ट्र सरकारने पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलींसाठी. किती? हजर राहील त्या दिवसाला एक रुपया. अट, हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. वर्षभर एकही दिवस न चुकवता गेली तरी दोनशेवीसच्या आसपास रुपये. आधी दंडाचा रुपया, मग भत्त्याचा रुपया. 2020 साल उजाडलं तरी तो रुपया एकच राहिला होता. मला हा रुपया चेष्टेचा वाटत नाही. मुलगी शाळेत बसते तेव्हा घराचं काही नुकसान होतं, हे सरकारने त्यात मान्य केलं होतं. फक्त ते नुकसान किती, हे कुणी बाईला विचारलं नव्हतं.

याच रुपयावरून मी एकदा फार चुकले. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चौथीतली एक मुलगी होती. चुणचुणीत, पाढे घडाघडा म्हणणारी. तिची हजेरी थोडक्यात कमी पडली आणि भत्ता गेला. मी पालकसभेत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर तिच्या आईला म्हणाले, ‘वहिनी, चार दिवस आणखी पाठवलं असतं तर पैसे मिळाले असते ना मुलीला? आपलंच नुकसान करून घेतलंत.’ आणि वर मुलींच्या शिक्षणावर दहा मिनिटं बोलले. चांगलं बोलले, असं मला तेव्हा वाटलं. आई मांडीवरचं तान्हं पोर थोपटत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, ‘ताई, त्यो रुपाया मी देती तुमास्नी. रोजचा रोज देती. तुमी येताय का ह्येला धरायला? मी भांगलायला जाती.’

सभेत हशा पिकला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? पण ती बाई हसत नव्हती. ती मला दर सांगत होती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या कामाचा सरकारने ठरवलेला दर.

ती मुलगी पाचवीला गेली. गावातली शाळा चौथीपर्यंतच, पाचवीची शाळा पुढच्या गावात. पटावर नाव होतं. आधी आठवड्याला दोन दिवस, मग महिन्याला दोन दिवस, मग ‘सतत गैरहजर’. तेराव्या वर्षी मला ती बेदाणा शेडमध्ये भेटली, बायकांच्या रांगेत बसून बेदाणा निवडत होती. मला बघून लाजली. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मला कळलं तेव्हा हळद उतरली होती. आम्ही बालविवाहाविरुद्ध पथनाट्य करत त्याच तालुक्यात फिरत होतो.

ती गळाली ती लग्नाच्या दिवशी नाही. चौथीत गळाली, तान्ह्या भावापायी, थोड्याथोडक्या दिवसांनी. तेव्हा ते दिवस हजेरीपटात दिसत होते आणि मी तिच्या आईला भाषण देत होते.

आता हे पंचाहत्तर टक्के म्हणजे काय, ते जरा बोटांवर मोजू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात निदान दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे, सहावी ते आठवीला दोनशेवीस दिवस. दोनशेवीसचे पंचाहत्तर टक्के म्हणजे एकशे पासष्ट. म्हणजे पंचावन्न दिवस चुकले तरी अट पुरी होते. ऐकायला भरपूर वाटतात. आता बाजाराचा एक दिवस दर आठवड्याला धरा. सदतीस-अडतीस आठवडे शाळा, तेवढे दिवस गेले. पाळीचे महिन्याला दोन दिवस धरले तर वर्षाचे वीस. संपले पंचावन्न. अजून टँकर नाही, आजारपण नाही, पाहुणे नाहीत, द्राक्षाची बाग तर नाहीच नाही.

आणि यातही एक गोम आहे. समजा, फक्त बाजारचाच दिवस चुकला. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरते. कागदावर मुलगी अगदी नियमित. पण बाजार मंगळवारचा असेल तर दर मंगळवारी जे शिकवलं ते तिला वर्षभर मिळालंच नाही. बुधवारी गुरुजी कालच्या गणितापासून पुढे जातात. ही बसते मागे, वहीकडे बघत. दोन-तीन महिन्यांनी तिला वाटायला लागतं की आपल्याला गणित येत नाही. मग घरी म्हणते, ‘मला नको शाळा, डोक्यात शिरत नाही.’ आणि आई आपल्याला सांगते, ‘तिलाच आवड नाही, ताई.’ आवड नाही कशी? ती मंगळवारी नव्हती.

आपल्याकडे कामाचे हंगाम आणि शाळेचं वर्ष यांचं वैर आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी जिथे जिथे पोचलं, तिथे मला आनंद झाला होता. वाटलं, आता पाण्यासाठी पोरींची पायपीट थांबेल, शाळा भरेल. पायपीट कमी झाली हे खरं. पण पाण्याबरोबर द्राक्ष आलं, डाळिंब आलं, ऊस आला. द्राक्षाची छाटणी झाली की विरळणी, डिपिंग, मग तोडणी, त्यामागून बेदाणा. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बायकांना मी हे काय सांगणार, तुमचे हात अजून चिकट असतील. विरळणीला लहान बोटं चांगली चालतात, असं बागाईतदार सरळ म्हणतो. बेदाणा निवडायला वेग येतो तो वार्षिक परीक्षेच्याच तोंडावर. म्हणजे विहिरीवरून सुटलेली मुलगी बागेत गेली. पाणी आलं की मुलगी शाळेत जाईल, हे गणित आपोआप सुटत नाही. मुलीचा वेळ कुणाचा, हे घरात ठरलेलं असतं, आणि ते बदललं नाही तर काम नुसतं बदलतं.

ऊसतोडीचं दुखणं याहून अवघड. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात, आपल्या जत-आटपाडीकडूनही माणसं कोयता घेऊन कृष्णाकाठच्या कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे तुम्हाला माहीत आहे. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. मुलगी बरोबर गेली तर कोपीवर धाकट्याला धरून बसणार, भाकऱ्या थापणार. मागे ठेवली तर ‘वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?’ हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर म्हणून लग्न. इथे ‘मुलीला शाळेत पाठवा’ म्हणणं म्हणजे पाय बांधून ‘पळ’ म्हणण्यासारखं आहे. आणि जतच्या सीमेवरच्या काही मुली कन्नड शाळेत शिकणाऱ्या. त्या वाळव्याकडे आल्या की इथल्या मराठी शाळेत नाव घातलं तरी बसून करणार काय? हे कोणत्याही माहितीच्या तक्त्यात बसत नाही.

तरीही आईबापांच्या हातात काही आहे, आणि ते त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं. मूल किती शिकलंय याची त्यात नोंद असते, आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने त्यावर त्याला बसवून घ्यायचं असतं. ते निघायच्या आधी मागावं लागतं. टोळीचा ट्रक सुटताना नव्हे, नवरात्रातच. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होणार आहे का, हेही तेव्हाच विचारायचं. त्यात मुलं गावातच राहून शिकतात, जेवणाची सोय होते. आजीपाशी मुलगी ठेवायची असेल तर आजीचं वय बघा. नाहीतर मुलगी आजीला सांभाळते आणि शाळा तशीच राहते. आणि ज्यांच्या गावी टोळ्या येतात त्या बायकांनी, म्हणजे आपण कृष्णाकाठच्या बायकांनी, फडाकडे जाऊन एकदा मोजायचं, शाळेच्या वयाची पोरं किती आहेत. त्यांना शाळेत बसवणं हे आपल्या ग्रामपंचायतीचं आणि जिल्हा परिषदेचं काम आहे, पाहुण्यांचं म्हणून सोडून द्यायचं नाही.

इथे कायद्याबद्दल दोन वाक्यं. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्याला सक्तीचं शिक्षण म्हणतात. सक्ती कुणावर? आपल्याला वाटतं आईबापांवर. कायदा नीट वाचला तर पालकांवर कर्तव्य टाकलंय ते मुलाचं नाव शाळेत घालण्याचं. मूल रोज येतंय का आणि शिक्षण पुरं करतंय का, हे बघण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. म्हणजे ‘पोरगी का येत नाही’ हा प्रश्न आईला विचारण्याआधी आपण तो वर विचारायचा आहे.

जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली तुम्हाला आठवत असतील. कोयना धरणाच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पलीकडे जायचं, मग जंगलातून चालत अंधारीची शाळा गाठायची. वर्तमानपत्रात बातमी आली आणि 2022 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून तिची दखल घेऊन सरकारला जाब विचारला. त्या मुलींच्या आयांना शाळेचं महत्त्व सांगायला कोण जाणार आहे? रोज सकाळी पोरीला वल्हं हातात देऊन पाण्यात सोडायचं आणि संध्याकाळपर्यंत काठाकडे बघत बसायचं! हजेरीसाठी पालकांनी काय करावं याचं पुस्तक त्यांनी आपल्याला लिहून द्यावं. सातारच्या डोंगरी भागात पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याची भाषा अधूनमधून निघते, तेव्हा हे ध्यानात ठेवा. शाळा तीन किलोमीटर लांब गेली की मुलगा सायकलवर जातो. मुलीचं नाव मात्र पटावर राहतं.

शिक्षकांवर मी सरसकट राग धरत नाही. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी माहिती भरायला तालुक्याला गेले की दुसरा चार वर्ग सांभाळतो. त्यात ‘अमुक मुलगी तीन दिवस दिसली नाही’ हे त्याच्या ध्यानात राहावं अशी अपेक्षा धरायची तर त्याला मदत लागते. पण काही शाळांत मी हेही पाहिलंय की मुलींच्या संडासाला कुलूप, किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला, आणि किल्ली मागायची सरांकडे. सातवीतली पोरगी चार दिवस ती किल्ली मागेल की घरी राहील? एका गावात आमच्या बायकांनी फक्त एवढंच केलं, किल्ली सातवीच्या मुलींच्याच ताब्यात द्यायला लावली. मोर्चा नाही, निवेदन नाही. चार बायका जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यांच्या हजेरीत फरक दिसला.

तर पालकांनी करायचं काय? जे होताना मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

खटावकडच्या एका वस्तीत बचत गटाच्या बायकांनी बाजार वाटून घेतला. आधी प्रत्येकीच्या घरची मुलगी बाजारच्या दिवशी मागे थांबायची, जनावरं आणि धाकटी पोरं बघायला. आता दर बाजाराला तीन-चारच बायका जातात, सगळ्यांचं सामान आणतात, आणि मागे राहिलेल्यांपैकी दोघी सगळ्या वस्तीची लहान पोरं सांभाळतात. आळीपाळीने. सुरुवातीला भांडणं झाली. एकीला मिरची महाग पडली, एकीला कांदा सडका आला! पण मुलींचा मंगळवार सुटला.

त्याच वस्तीवर टँकरचा घोळ होता. कधी सकाळी येणार, कधी दुपारी. मुली हंडे रांगेला लावून दिवसभर बसायच्या. महिला ग्रामसभेत बायकांनी मागणी केली की टँकर शाळा सुटल्यावर यावा, नाहीतर शाळा भरायच्या आधी. सरपंच म्हणाले, याचा शाळेशी काय संबंध? बायकांनी हजेरीपटातल्या तारखा वाचून दाखवल्या. टँकरची वेळ ठरली. रोज पाळली गेली असं म्हणणार नाही, पण ठरली, आणि पाळली नाही तर विचारायला तोंड झालं.

आणि बापे माणसांचं काय? माणच्या एका मेळाव्यात एका आजोबांनी मला विचारलं, ‘ताई, तुमी समदं बायकास्नीच सांगताय, आमी काय करायचं त्ये सांगा की.’ मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आबा, मोटरसायकलला दोन कॅन बांधा आणि पाणी आणा. नातीची दहाची शाळा असते, नऊ वाजता तिच्या डोक्यावर हंडा नको. ते आणायला लागले. पाटीलकी गेली म्हणून लोक हसले थोडे दिवस, मग आणखी दोघांनी कॅन बांधले. घरात मुलगा असेल तर झाडलोट, धुणं, धाकट्याला धरणं याची वाटणी करायची. आई म्हणते, ‘त्याला जमत नाही.’ अगं, तिला तरी पोटातून जमत होतं का?

बाकी साध्या गोष्टी. मुलगी खरोखर आजारी असेल तर शाळेत निरोप पाठवा, लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोराबरोबर तोंडी पाठवा. न सांगता राहिली तर गुरुजी समजतात की या घराला पडलेली नाही. चुकलेल्या दिवशी काय झालं ते मैत्रिणीच्या वहीतून त्याच संध्याकाळी उतरवायला लावा. त्यासाठी आईला वाचता यायलाच हवं असं नाही, दिव्याजवळ अर्धा तास बसू द्यायला हवं. त्या अर्ध्या तासात ‘ऊठ, चूल बघ’ म्हणायचं नाही. तीन वर्षांवरचं धाकटं भावंडं अंगणवाडीत घाला. तीन वर्षांखालच्याचं काय, हा प्रश्न मात्र माझ्याकडे सुटलेला नाही. पाळणाघर हवं, वस्तीवर हवं, कारखान्याच्या तळावर हवं, आणि त्याशिवाय त्या बाईचा ‘तुमी येताय का ह्येला धरायला’ हा प्रश्न तसाच राहतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. कायद्यातच आहे. आपल्या किती जणी समितीवर आहेत? हात वर करा बघू... बऱ्याच आहेत की. आता, सभेला जाऊन बसता त्या किती? आणि घरी आलेल्या रजिस्टरवर सही करता त्या किती? असू द्या, हसू नका, मीच तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, भात चुलीवर असतो. पण महिन्यातून एकदा सभेत हजेरीपट उघडायला लावा. नावं मोठ्याने वाचून बाईला शरमिंदी करायची नाही, ते पाप मी केलेलं आहे. शांतपणे बघायचं, कोण सलग पाच दिवस नाही, कोण दर आठवड्याला त्याच वारी नाही. आणि मग दोघींनी त्या घरी चहाला जायचं. जाब विचारायला नाही. काम काय आहे आणि ते दुसरं कोण करू शकेल, एवढं बोलायला.

सातवीच्या पुढची मुलगी अचानक आठ-दहा दिवस दिसेनाशी झाली तर मात्र चहाला वेळ लावू नका. मामाच्या गावाला गेलीय म्हणतात. मामाच्या गावाला मांडव असतो. ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, त्याला गाठा, 1098 वर फोन करा. हजेरीपट रोज बघणारी बाई त्या गावात असेल तर ही बातमी तिला पत्रिका छापायच्या आधी कळते.

मी बोलत राहिले तर जेवण निवेल. प्रत्येक गटाला एकेक कोरा तक्ता दिला आहे. वर महिन्याच्या तारखा आहेत, डाव्या बाजूला मुलींची नावं लिहायची. आपल्या शाळेतून मागच्या महिन्याची हजेरी उतरवून आणायला सांगितलं होतं, ती ज्यांनी आणलीय त्यांनी पुढे बसा. ज्यांना शाळेने दाखवली नाही, त्यांनीही बसा. का दाखवली नाही ते आधी ऐकायचं आहे. प्रत्येक रिकाम्या चौकोनात कामाचं नाव लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढा : हंडा, म्हैस, पाळणा, घड. मागच्या शिबिरात एका मावशींनी एका चौकोनात नुसतं एक मोठं कुलूप काढलं होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते विचारल्याशिवाय कळलं.